तिथी गुणिले पाऊण

कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांकडे भरतीची वेळ काढायचं एका ओळीचं सूत्र आहे. आजची तिथी घ्या आणि तिला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. पूर्ण भरती दुपारी तीनच्या सुमारास आणि पहाटेही तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. त्यात साधारण सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे हे सूत्र पहिल्यांदा ऐकल्यावर तपासून बघितल्याशिवाय राहवलं नाही. चंद्रामुळे भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. सूत्र पंचेचाळीस मिनिटं धरतं. म्हणजे दर तिथीला चार-पाच मिनिटांची चूक साठत जाते, पौर्णिमेपर्यंत ती तासाभरावर येते आणि प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा नव्याने सुरू होते. पंधरा दिवसांनी स्वतःच रीसेट होणारा, तोंडी करता येणारा, बॅटरी न लागणारा अल्गोरिदम. मुंबईत अपोलो बंदरावर भरती मोजायचं यंत्र १८७८पासून आहे. हे सूत्र तिथल्या कोष्टकाइतकं अचूक नाही, पण होडी काढायची की नाही हे ठरवायला पुरेसं आहे.

सायकलवरच्या लेखात भरतीचं काय काम, असं वाटेल. रायगडच्या किनाऱ्यावर माउंटन बाइक घेऊन जाणाऱ्याला गिअरच्या आधी हेच लागतं. आणि जो नुसता सायकल चालवत नाही, ट्रेकही करतो, पोहतो, कयाक वल्हवतो, त्याला तर जास्तच. कारण हा किनारा कधीच एका साधनाने पार करायचा नव्हता. त्याचा इतिहासच होडी, पाय आणि वाट यांच्या जोडणीचा आहे. माझ्या मते इथे सायकल घेऊन जाण्याबद्दलचा जवळजवळ सगळा उपयोगी सल्ला त्या इतिहासातून निघतो.

चार खाड्या

नकाशा उघडा आणि मांडव्यापासून खाली या. पहिली धरमतरची खाडी, तिच्यात अंबा नदी येते. मग रेवदंड्याला कुंडलिका. मग मुरूडच्या खाली राजपुरीची खाडी. आणि जिल्ह्याच्या टोकाला बाणकोटची खाडी, म्हणजे सावित्री. प्रत्येक खाडी जमिनीत खोल घुसलेली. समोरचं गाव हाकेच्या अंतरावर दिसतं आणि रस्त्याने जायचं तर अर्धा दिवस मोडतो. दिघी आणि आगरदांडा एकमेकांसमोर आहेत. फेरीने काही मिनिटं लागतात, खाडीला वळसा घालून म्हसळ्याकडून गेलं तर अनेक तास पेडल मारावे लागतात.

त्यामुळे या किनाऱ्यावर प्रवास म्हणजे तुकड्यांची साखळी असायची. चौल बंदराचंच बघा. टॉलेमीच्या भूगोलात त्याचं नाव आहे, दहाव्या शतकात अल-मसुदी इथे येऊन गेला. १४६९ साली रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन चौललाच उतरला. सोबत विकायला आणलेला घोडा. तिथून पालीमार्गे तो चालत घाट चढून जुन्नरला पोचला आणि पावसाळा तिथेच काढला. समुद्र, किनारा, घाट आणि मग पावसात थांबणं. पाचशे वर्षांपूर्वीच्या परदेशी माणसालाही हे वेळापत्रक पाळावं लागलं. रेवदंड्यात त्याच्या नावाचं स्मारक आहे. चौलच्या नारळ-पोफळीच्या वाड्यांमधून सायकल चालवताना तिथे पाच मिनिटं थांबायला हरकत नाही.

राजपुरीच्या खाडीत आत मांदाडजवळ कुड्याची बौद्ध लेणी आहेत, सव्वीस. डोंगरातल्या या लेण्यांसमोर खाडीचं पाणी दिसतं. जहाजं येणार, व्यापारी उतरणार, घाटाकडे जाणार, वाटेत लेणी. आज ती आडबाजूला वाटतात कारण आपण रस्त्याच्या बाजूने विचार करतो. पाण्याच्या बाजूने बघितलं तर ती हमरस्त्यावर आहेत.

माझं आजोळ चौलकडचं. रेवदंडा आणि साळावमध्ये पूल झाला तो ऐंशीच्या दशकात. त्याआधी आजोबा खाडीपलीकडे जायचे ते सायकल होडीत आडवी टाकून. होडीवाला माणसाचे पैसे वेगळे घ्यायचा, सायकलचे वेगळे. आज आपण याला मल्टिस्पोर्ट म्हणतो आणि त्यासाठी जर्सी छापतो. आजोबा त्याला कामावर जाणं म्हणायचे.

ओहोटीचे दोन किल्ले

भरती-ओहोटी समजून घ्यायला या किनाऱ्यावर दोन किल्ले शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

अलिबागचा कुलाबा. शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये याचं काम सुरू करवलं, पुढे तो आंग्र्यांची राजधानी झाला. ओहोटीला इथे चालत जाता येतं, भरतीला चारी बाजूंनी पाणी. म्हणजे दिवसातून दोनदा बेट आणि दोनदा जमिनीचा भाग. १७२१च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कान्होजी आंग्र्यांच्या कुलाब्यावर चाल केली. समुद्रात इंग्रजांची जहाजं आणि जमिनीवर दोघांचं सैन्य. मदतीला बाजीराव पेशव्यांचं घोडदळ घाट उतरून आलं आणि मोहीम फसली. पाणकिल्ल्याचा बचाव जमिनीवरून झाला, हे या किनाऱ्याला धरूनच झालं.

दुसरा जंजिरा. राजपुरीच्या समोर, पण कोणत्याही ओहोटीला पायी न पोचता येणारा. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, जवळच पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी १६८२च्या सुमारास किनाऱ्यावरून दगड टाकत बेटापर्यंत बांध घालायचं काम काढलं. मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे त्यांना मागे वळावं लागलं. सिद्दींचं राज्य थेट १९४८पर्यंत टिकलं. किनाऱ्यापासून थोडंसं अंतर, पण ते अंतर कायम ओलं राहिलं, यात त्याचा मोठा वाटा आहे.

आता सायकलवाल्यासाठी यातून निघणारा हिशोब, जो मला कुठल्याही अॅपने सांगितला नाही. कुलाब्यात जायला किंवा पुळणीवर सायकल चालवायला सगळ्यात सोयीची ओहोटी दुपारी बाराची, असं वाटतं. ती अष्टमीच्या आसपास येते. पण अष्टमी म्हणजे भांगाची भरती. चंद्र-सूर्य एकमेकांना काटकोनात असतात, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. किल्ल्याच्या वाटेवर तेव्हा ओहोटीलाही पाणी राहू शकतं. खरी मोठी ओहोटी उधाणाच्या दिवसांत, अमावास्या-पौर्णिमेला. मुंबईजवळ तेव्हा भरती-ओहोटीतला फरक चार-साडेचार मीटरच्या पुढे जातो. पण ती ओहोटी येते सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला, म्हणजे अंधाराच्या तोंडाशी.

सोय आणि खोली एकत्र येत नाहीत. मधला मार्ग द्वितीया-तृतीयेचा. उधाण अजून ओसरलेलं नसतं, आणि ओहोटी सकाळी साडेसात ते साडेआठमध्ये येते. पुळण रुंद, वाळू घट्ट, ऊन कोवळं. सुट्टीची तारीख कॅलेंडरात बघून ठरवण्यापेक्षा पंचांगात बघून ठरवली तर अर्धं काम झालं. फक्त शेवटी त्या दिवसाचं छापील किंवा ऑनलाइन भरतीचं कोष्टक बघाच. सूत्र दिवस निवडायला वापरा, मिनिटं ठरवायला नाही.

कुलाब्याच्या वाटेत कालवांनी भरलेले धारदार खडक आहेत. तिथे सायकल नेऊ नका, किनाऱ्यावरच कुलूप लावून ठेवा आणि पायात पट्ट्याच्या चपला घालून जा. पाणी उतरत असताना निघा, चढायला लागायच्या आत परता. किल्ल्यात गोड्या पाण्याचं तळं आणि रघुजी आंग्र्यांच्या काळातलं गणपतीचं देऊळ बघण्यात तास सहज जातो आणि तोवर मागची वाट हळूहळू भरत असते.

नकाशात वेळ नसते

माउंटन बाइक हा प्रकार तसा तरुण आहे. खडबडीत वाटेवर सायकल नेणारे आधीही होते. १८९७मध्ये अमेरिकी सैन्याच्या पंचविसाव्या पायदळ रेजिमेंटमधल्या कृष्णवर्णीय सैनिकांनी मोंटानातून सेंट लुईसपर्यंत सुमारे एकोणीसशे मैल सायकली रेटल्या. इंग्लंडमध्ये १९५५ साली खास अशा वाटांसाठी ‘रफ स्टफ फेलोशिप’ निघाली. आपल्या मुंबईतून १९२३मध्ये काही पारशी तरुण जगप्रदक्षिणेला सायकलवर निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी १९२८मध्ये ती पूर्ण केली. त्यांच्या वाटेत वाळवंटं होती आणि जंगलंही, आणि त्यांच्याकडे गिअर-सस्पेन्शन काही नव्हतं.

आजची माउंटन बाइक मात्र कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत जन्मली. १९७६मध्ये तिथल्या पोरांनी जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन उतारावर शर्यत लावली. एका उतरणीत हबमधलं ग्रीस तापून जळून जायचं, ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नाव ‘रिपॅक’. १९७९मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाची कंपनी काढली, १९८१मध्ये ‘स्टम्पजंपर’ बाजारात आली आणि हा खेळ जगभर गेला.

मॅरिनच्या गोष्टीचा कमी सांगितला जाणारा भाग पुढचा आहे. ऐंशीच्या दशकातच तिथल्या अनेक पायवाटा सायकलींना बंद झाल्या. चालणारे आणि घोडेस्वार वैतागले होते. ज्या गावात खेळ जन्मला तिथेच त्याच्यावर पाट्या लागल्या. वाट कोणाची, हा प्रश्न या खेळाबरोबरच जन्मलेला आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला जास्त धार आहे. किनाऱ्यामागचे डोंगर इंग्रजी अमलात राखीव जंगलं झाले आणि लाकूडफाट्यासाठी पिढ्यानपिढ्या वापरलेल्या वाटा गुन्ह्याच्या झाल्या. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेरला अक्कादेवीच्या माळावर गावकऱ्यांनी जंगल सत्याग्रह केला. पोलिसांनी गोळ्या चालवल्या, माणसं मेली. मुरूडमागचं फणसाड त्या काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं जंगल होतं. १९८६मध्ये ते अभयारण्य झालं. आज तिथे शेकरू दिसतं.

म्हणून फणसाडमध्ये सायकल आत घालायच्या आधी वन खात्याच्या नाक्यावर विचारा. ‘नाही’ म्हणाले तर बूट बांधा आणि पायी जा. तसंही ते जंगल चालत बघण्यासारखं आहे. डोंगरातल्या कातकरी किंवा ठाकर वाडीतून जाणारी वाट म्हणजे कोणाच्या तरी अंगणातून जाणारी वाट. उतरून हातात धरून न्या. कोणी दिसलं तर ‘दादा, ही वाट पुढे जाते का?’ एवढं विचारलं की परवानगीही मिळते आणि माहितीही.

आणि एक तांत्रिक गोष्ट, माझ्या धंद्यातली. तुम्ही डाउनलोड केलेला ट्रॅक म्हणजे कोणीतरी, कधीतरी, त्या जागेवरून गेला होता याचा पुरावा. तो ओहोटीला गेला की भरतीला, डिसेंबरात की जुलैत, हे त्या रेषेत नाही. किनाऱ्यावर मी असे ट्रॅक पाहिले आहेत जे सरळ पाण्यातून जातात. रेकॉर्ड करणारा तेव्हा कोरड्या वाळूवर होता. सह्याद्रीतला ट्रॅक सहा महिने खरा असतो, पुळणीवरचा दिवसातून काही तास. आपला ट्रॅक अपलोड करताना तिथी आणि वेळ लिहा. शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्याने तुम्हाला जे फुकट सांगितलं असतं, ते निदान पुढच्याला तरी मिळेल.

समुद्र कधी बंद असतो

१७ जुलै १९४७. आषाढी अमावास्या, गटारी. भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ ही बोट सकाळी रेवसला निघाली. गच्च भरलेली, बरेचसे प्रवासी सणाला गावी जाणारे. भर पावसाळा, वारा आणि अमावास्येचं उधाण. काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. रेवसकडच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जमतील तेवढ्यांना बाहेर काढलं. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं, त्या गडबडीत ही बातमी देशाच्या आठवणीतून लवकर पुसली गेली. अलिबाग तालुक्यातल्या घरांतून नाही.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडता येत नाही. १ फेब्रुवारी २०१६ला, पाऊस नाही, वादळ नाही, अशा दिवशी मुरूडच्या पुळणीवर सहलीला आलेले पुण्याचे डझनाहून जास्त कॉलेजचे विद्यार्थी बुडाले. या किनाऱ्याच्या पुळणी उताराला मंद आहेत. बरंच आत जाईपर्यंत पाणी कमरेएवढंच राहतं, आणि ओहोटी लागली की तेच पाणी पाय ओढतं. पोहता येणं आणि समुद्रात पोहता येणं या दोन गोष्टी आहेत.

तो फरक कळायला धरमतर ते गेटवे पोहणाऱ्यांकडे बघावं. सुमारे छत्तीस किलोमीटरचं अंतर, आणि महाराष्ट्रातल्या लांब पल्ल्याच्या जलतरणपटूंची ही जुनी कसोटी. ते ओहोटीची वेळ बघून पाण्यात उतरतात, म्हणजे खाडीचं बाहेर जाणारं पाणी मदत करतं, आणि सोबत होडी असते. एवढे तयारीचे लोक जर पाण्याच्या कलाने आणि सोबतीला होडी घेऊन जात असतील, तर सायकलवरून घामाघूम उतरलेल्या माणसाने एकट्याने लांब पोहत जाऊ नये, एवढं तरी त्यातून घ्यावं. गुडघाभर पाण्यात, भरती चढत असताना, कोणीतरी काठावर उभं असताना. बास.

कयाकला हाच नियम उलट्या बाजूने लागतो. खाडीत चढत्या पाण्याबरोबर आत जा, उतरत्या पाण्याबरोबर परत या. दमलेले असाल तेव्हा पाणी तुमच्या बाजूने असावं. खाडीच्या तोंडाशी, जिथे उतरतं पाणी आणि समोरचा वारा भिडतात, तिथे लाट उभी राहते. तिथे नवख्याने जाऊ नये.

पावसाळ्याबद्दल जुना कायदा सोपा होता. पाऊस लागला की गलबतं वर ओढायची आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून पुन्हा उतरवायची. आजही गेटवे-मांडवा लाँचेस आणि जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्या पावसात बंद होतात. मांडव्याला मार्च २०२०पासून रो-रो सुरू झाली, ती सायकल घेते आणि पावसातही बरीचशी चालते. त्यामुळे जुलैत जाता येतं. पण मग समुद्र विसरा, डोंगरही जपून. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. हा किनारा वाऱ्याच्या तोंडाशी आहे, हे तिथल्या बुटक्या, नव्याने लावलेल्या पोफळी बघून लक्षात येतं.

दक्षिणेकडे, श्रीवर्धन-हरिहरेश्वरच्या बाजूला जांभा दगड आहे. वरचे सडे म्हणजे सपाट, उघडे, डिसेंबरात माउंटन बाइकसाठी अप्रतिम. त्याच जांभ्यावर ऑगस्टात शेवाळ धरतं आणि तो साबणासारखा होतो. गावातल्या दगडी पाखाड्यांचंही तेच. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कातळावरून लाटांच्या शेजारून जाते. भाविक ती ओहोटीलाच करतात, पावसाळ्यात टाळतात. तिथे देवस्थानाची माणसं ‘आता नको’ म्हणाली की वाद घालू नका. ती पाणी रोज बघतात.

तीन दिवसांची साखळी

आता हे सगळं एका सहलीत बसवून दाखवतो. तृतीयेच्या आसपासचे तीन दिवस, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे, कारण कोरड्या दिवसांत इथे दुपारनंतर वायव्येकडून वारा येतो आणि तो पाठीवर घ्यायचा. शिडाची गलबतं याच हिशोबाने जायची.

पहिला दिवस मांडवा ते अलिबाग, वीसेक किलोमीटर. वाटेत कनकेश्वर. रघुजी आंग्र्यांचे दिवाण गोविंद रेवादास यांनी १७६४मध्ये बांधवलेल्या सातशेच्या आसपास दगडी पायऱ्या आहेत. त्या चढायच्या आहेत, सायकलने उतरायच्या नाहीत. अडीचशे वर्षं टिकलेल्या पायरीची कड तुमच्या टायरने फुटायला नको. सायकल खाली ठेवा. दम शिल्लक असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे सागरगड, तोही आंग्र्यांचाच पाठराखा किल्ला. माचीपर्यंतची चढण बऱ्याच ठिकाणी सायकल खांद्यावर घेऊनच होते.

दुसरा दिवस अलिबाग ते मुरूड, सुमारे पन्नास किलोमीटर. सकाळी ओहोटीला आक्षी-नागावच्या पुळणीवरून, मग चौल, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई. कोर्लईचा किल्ला पायी बघा. त्याच्या पायथ्याच्या गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. मराठ्यांनी चौल घेतलं १७४०मध्ये, पोर्तुगीज गेले, भाषा राहिली. पुढे काशीद आणि मुरूड.

तिसरा दिवस आगरदांड्याला फेरीत सायकल चढवून दिघी, मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. पुढे जायचं असेल तर बागमांडल्याहून वेसवीला फेरी आहेच, पलीकडे रत्नागिरी जिल्हा.

सामानाचे थोडे नियम. पेडल साधे सपाट ठेवा, कारण दिवसाचा निम्मा वेळ तुम्ही चालणार आहात आणि क्लीटवाले बूट पायऱ्यांवर घसरतात. पुळणीवर टायरमधली हवा कमी करा आणि डांबरावर यायच्या आधी भरा, पंप त्यासाठी हवा. सायकल ओल्या, घट्ट वाळूवरच चालवा. भरतीच्या रेषेच्या वर जाऊ नका. दिवेआगर-हरिहरेश्वरकडे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं त्याच कोरड्या वाळूत अंडी घालतात. मुक्कामाला पोचल्यावर अंघोळीच्या आधी सायकलला गोड्या पाण्याने धुवा, साध्या मगाने. जोराच्या फवाऱ्याने खारं पाणी बेअरिंगमध्ये आत ढकललं जातं. मग चेन पुसून तेल. एक रात्र आळस केला तर सकाळी चेन तांबडी दिसते.

पूल झाल्यावर

रेवस ते रेड्डी सागरी मार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आली. ते याच किनाऱ्याचे, आणि कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१मध्ये रायगड झालं तेही त्यांच्याच काळात. चाळीसेक वर्षं रखडून आता खाड्यांवरच्या मोठ्या पुलांची कामं हाती घेतली गेली आहेत. ती पूर्ण झाली की मांडव्याहून हरिहरेश्वर एका दमात होईल.

पूल नको असं म्हणणं सायकलवाल्याला परवडतं, दिघीत रात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या बाईला नाही. पूल व्हायलाच हवेत. पण पूल झाले की फेरी बंद पडते, धक्का ओस पडतो, आणि पाण्याची वेळ माहीत असण्याची गरज उरत नाही. ती गरज होती म्हणून ते ज्ञान टिकलं. रेवदंड्याचा पूल झाल्यानंतर जन्मलेल्या माझ्या मावसभावंडांना तिथे होडी कुठून सुटायची हे दाखवता येत नाही. त्यांच्या आईला येतं. ज्ञान संपायला एक पिढी आणि एक पूल पुरतो.

धोका असा की ज्ञान संपलं तरी पाणी तिथेच राहणार, आणि माणसं जास्त येणार. पुलावरून दोन तासांत पोचलेला, पुळणीवर गाडी थांबवून थेट पाण्यात शिरणारा माणूस या किनाऱ्याबद्दल निकितीनपेक्षा कमी जाणत असेल. त्याला थांबवणारा होडीवाला वाटेत नसेल.

आपल्यासारखे लोक, जे मुद्दाम हळू जातात आणि उतरून चालतात, इथे कामाचे ठरू शकतात. फेऱ्या चालू आहेत तोवर त्यांनी जा. तिकीट काढताना होडीवाल्याला विचारा, आज पाणी कधी भरणार. तो आधी तिथी सांगेल, मग वेळ. धक्क्यांच्या जागा, पायऱ्या, पाखाड्या, विहिरी ओपन-स्ट्रीट-मॅपवर टाका आणि टिपणीत भरतीची अट लिहा. गावातल्या पोरांना सोबत घ्या, त्यांच्या आजोबांना बोलतं करा. आणि पुढच्या ट्रिपची तारीख ग्रुपवर टाकाल तेव्हा तिच्याखाली तिथीही टाका. उरलेला गुणाकार ग्रुपमधलं कोणीही करेल.